चुना मुरायचे दिवस

दसऱ्याची आपट्याची पानं देव्हाऱ्यात वाळत पडलेली असतात, तेवढ्यात आमच्या घरी कळीचा चुना येतो. माणगावच्या बाजारात एक गुजराती दुकानदार आहे. तो टोपलीभर ढेकळं देतो आणि बायकोला दर वर्षी न चुकता बजावतो, "बेन, हाथ संभाळजो." दिवाळीआधी भिंतींना सफेदी व्हायलाच हवी, हा आमच्या घरातला कायदा आहे. परसात एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात ती ढेकळं पडतात, वरून पाणी पडतं आणि बायको पदर सावरून दोन पावलं मागे सरते. क्षणभर काहीच होत नाही. मग डब्यात चरचर सुरू होते, वाफ उठते, पाणी उकळायला लागतं, आणि तो वास येतो.

त्या वेळी मी घरात थांबत नाही. चपला अडकवतो आणि गोवा रोडपर्यंत चालत जातो. तिथे पुलाच्या कठड्यावर बसून मालट्रका बघतो. बायकोला वाटतं, मला कामाचा कंटाळा आहे. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, तेव्हा कंटाळा आहे हे काही खोटं नाही. पण खरं कारण मी तिला कधी सांगितलेलं नाही. आज लिहायला बसलोय तेही तिला सांगायला जीभ उचलत नाही म्हणूनच.

मी बांधकाम खात्यात आहे, ओव्हरसियर म्हणून लागलो. पुण्याला डिप्लोमा केला, खिशात फूटपट्टी आणि कानामागे पेन्सिल घेऊन अर्धा कुलाबा जिल्हा पायाखाली घातला. माणसाला ऋतू आठवतात ते आंब्यामुळे, पावसामुळे, लग्नसराईमुळे. मला एकच हंगाम आठवतो, तो चुन्याचा. आमच्या किनाऱ्यावर दसरा ते होळी हे चुन्याचे दिवस. पाऊस सरलेला असतो, सकाळी डोंगराकडून मतलई वारा सुटतो, कोरडा आणि थंड, आणि दुपारनंतर तो फिरून समुद्रावरून यायला लागतो. त्या दोन वाऱ्यांमध्ये जे काही बांधायचं, लिंपायचं, वाळवायचं ते उरकून घ्यायचं. मासळीसुद्धा त्याच दिवसांत वाळते. त्यामुळे माझ्या आठवणीत चुन्याच्या वासाला सुक्या बोंबलांचा वास कायमचा चिकटलेला आहे, आणि कितीही खाकरलं तरी तो घशातून जात नाही.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. थळच्या बाजूचं, खाडीच्या तोंडावरचं, असं म्हटलं की पुरे. गुन्हेगारानं स्वतःचं नाव झाकावं, तर मी गावाचं झाकतोय, असं कुणी म्हणालं तर तेही खरंच आहे.

गावात एक मांडवी होती. मांडवी म्हणजे जकातीची कचेरी. गलबतं यायची, भात, मीठ, सुपाऱ्या उतरायच्या, आणि मांडवीच्या पायऱ्यांवर जकात भरल्याशिवाय माल पुढे सरकत नसे. आंग्रेकाळात बांधलेली, पुढे इंग्रजांनी वाढवलेली, दोन मजल्यांची इमारत. खाली काळा दगड, वर जांभा, समुद्राच्या बाजूला पाच कमानी आणि वर लाकडी गॅलरी. स्वातंत्र्य आलं आणि दोनेक वर्षांत कस्टमची माणसं टेबलंखुर्च्या उचलून निघून गेली. दाराला कुलूप लावायला विसरले. मग तिथे बकऱ्या राहायला लागल्या, पावसाळ्यात जाळी ठेवली जायला लागली, आणि कमानींच्या सावलीत कोळणी मासळीचा बाजार भरवायला लागल्या. उन्हाची सोय होती, पण पायाखाली सगळा चिखल. भरतीचं पाणी पायऱ्यांवरून आत यायचं आणि बाया गुडघ्यापर्यंत लुगडी खोचून त्यातच पाट्या मांडायच्या.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मुंबईतल्या कचेऱ्यांना नवा हुरूप होता. किनाऱ्यावरचे किल्ले बघायला प्रवासी येतील, परदेशी पाहुणे येतील, त्यांना उतरायला जागा हवी, म्हणून मांडवीचं प्रवासी निवास करायचं ठरलं. खाली जुनी मापं, नांगर, तोफा मांडायच्या, वर सहा खोल्या, गॅलरीत चहा. मुंबईहून नकाशा आला, रंगीत. त्यात धक्क्यावर एक गोरी बाई छत्री घेऊन उभी होती आणि तिच्या पायाशी एक छोटं कुत्रं होतं. तो नकाशा मी इतका जपला की रात्री ट्रंकेत ठेवायचो. तिशीतल्या माणसाला आपल्या हातून काहीतरी मोठं होणार असं वाटायला फार लागत नाही, एक रंगीत नकाशा पुरतो.

बाजारातल्या बायांची पुढारी हिराबाई होती. चाळिशीची, उंच, आवाज असा की समुद्रावरची होडी वळावी. नकाशा बघायला ती हात लुगड्याला पुसून आली.

"ही छत्रीवाली कोन?"

"पाहुणी. मुंबईहून येणार."

"आनि कुत्रं कशाला आनलंय? मासली खाईल की." मग ती बराच वेळ नकाशाकडे बघत राहिली. "आमी कुठं हाव ह्यात?"

कोळणींच्या जागी नकाशात हिरवळ काढलेली होती. मी म्हटलं, तुमच्यासाठी बाजूला वेगळी जागा होईल. तशी जागा कुठल्याच कागदावर नव्हती. पण पाहुणे आले की लाँच थांबेल, रस्ता होईल, मासळीला मुंबईचं गिऱ्हाईक मिळेल, हे मी तिला सांगितलं आणि सांगता सांगता माझाच त्यावर विश्वास बसला. हिराबाईचा बसला होता की नाही कोण जाणे. पण तिनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या बाया पाट्या घेऊन बाहेर उन्हात बसायला लागल्या.

चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधता शोधता माझ्या नाकी नऊ आले. सगळ्यांनी सिमेंट पाहिलं होतं, चुना कुणाला नको होता. शेवटी शेजारच्या वाडीत धाकू गवंडी सापडला. सत्तरीचा, काटकुळा, पाठीला बाक, आणि उजव्या हाताची बोटं चुन्यानं खाऊन पांढरी पडलेली. त्यानं मांडवीत पाऊल टाकलं, एकही प्रश्न विचारला नाही, सरळ समुद्राकडच्या भिंतीपाशी गेला आणि तिला जीभ लावली.

मी हसलो. माझ्या डिप्लोमात भिंत चाटायचा धडा नव्हता.

"खारी हाय," तो म्हणाला. "खाडीकडली बरी हाय. पन ही दर्याकडली लई खारी हाय. हिला येल लागंल, साहेब."

मग चुन्याचे दिवस सुरू झाले. किनाऱ्यावरून शिंपले, तिसऱ्यांची कवचं गोळा झाली, भाताच्या तुसांत आणि कोळशात भट्टी लागली. मांडवीच्या मागे भेंडीच्या जुनाट झाडाखाली धाकूबाबानं दगडी हौद करून घेतला, त्यात भाजलेली कळी विझवली आणि वर झावळ्या टाकल्या. पाणी गोडंच हवं, हा त्याचा हट्ट. गावात गोड्या पाण्याची एकच विहीर, तीही गावाच्या दुसऱ्या टोकाला. बाया कुरकुरत कळश्या आणायच्या. मी म्हणायचो, बाबा, थोडं खारं चाललं तर? तो म्हणायचा, "तुमच्या चाहात घाला की मीठ, चालतंय का बघा."

रोज सकाळी तो हौदातला चिमूटभर चुना अंगठ्याच्या नखावर घ्यायचा आणि दुसऱ्या अंगठ्याच्या नखानं घासायचा. कण लागला की बोटं झटकायची आणि झावळी परत टाकायची. "कन लागला न्हाय पायजे. लोनी व्हायला पायजे." पौष उजाडला तेव्हा कुठे एक दिवस तो नख माझ्यापुढे करून म्हणाला, "घासा." मी घासलं. खरंच लोणी होतं. मग चुना दळायची घाणी फिरली, चुन्यात वाळू पडली, गूळ आणि हिरडा भिजवलेलं पाणी पडलं, आणि खाडीकडच्या भिंतीवर पहिला हात चढला. दुपारभर तो थापीनं भिंत बडवत बसायचा, आणि ती ठकठक गावभर ऐकू यायची. ते दिवस सुखाचे होते, हे मला कबूल करायला हवं. माझ्या आयुष्यात सुखाचे म्हणून जे काही दिवस मी सांगू शकतो त्यांत ते येतात, आणि म्हणूनच ते आठवले की अंगावर काटा येतो.

समुद्राकडच्या भिंतीला मात्र तो गिलावा करीना. तिच्यावर नुसता ओला चुनाचिखल थापायचा, वाळला की खरवडून टाकायचा. त्या खरवडलेल्या पापुद्र्यावर मीठ फुललेलं असायचं, पांढरं, चकचकीत. परत थाप, परत खरवड. आणि प्रत्येक खेपेला जीभ लावून मान हलवायची. होळीच्या सुमाराला त्यानं शेवटचं सांगितलं.

"यंदा न्हाय व्हायची. माथा मी झाकतो, अंग उघडं ठेवतो. आभालाचं पानी गोडं असतं, यंदाचा पावसाला तिला धुवू द्या. दसऱ्याला चुना लावतो, हौदात ठेवलाय तिच्या वाटचा."

"बाबा, अजून एक वर्ष?"

"व्हय."

त्याला दम लागायचा, तो जिना चढताना दोनदा थांबायचा. ज्याच्याजवळ सर्वांत कमी दिवस उरले होते तोच एकटा थांबायला तयार होता. बाकी आम्हा सगळ्यांना घाई होती. सरकारला घाई होती, गावाला होती, आणि मला तर सर्वांपेक्षा जास्त होती, कारण माझं प्रमोशन जवळ आलं होतं.

वैशाखात मंत्री येऊन उद्‌घाटन करणार, असं पत्र आलं. माझे वरचे साहेब जीपमधून आले, भिंतीकडे बघून म्हणाले, "ही अशी नागडी? सिमेंट फासून टाका." पण सिमेंट मिळतंय कुठे? त्या काळात सिमेंट परमिटवर मिळायचं, आणि परमिट म्हणजे अर्ज, हेलपाटे आणि वर्ष-दोन वर्षांची वाट. साहेब जीपमध्ये बसून निघून गेले आणि मी त्या भिंतीसमोर कपाळाला हात लावून उभा राहिलो.

आणि तिथे हिराबाई आली.

बायांनी दोन वर्षं तालुक्याला खेटे घालून सिमेंटच्या काही गोण्या मिळवल्या होत्या. त्यांना चिखलातून वर बसायला एक ओटा बांधायचा होता. बस, एवढंच. गोण्या देवळाच्या खोलीत रचून ठेवल्या होत्या, आणि कुणी त्यांच्याजवळ ओले पाय घेऊन गेलं तरी हिराबाई अंगावर ओरडायची. ती म्हणाली, "साहेब, आमच्या गोन्या घ्या. ओटा काय, फुडल्या साली बांधू. मांडवी आमच्या गावची हाय, ती नीट दिसूंदे."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी हात जोडले, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. त्या दुपारी बायका डोक्यावर गोण्या घेऊन ओळीनं देवळापासून मांडवीपर्यंत आल्या. धक्क्यावर गोणी ठेवताना प्रत्येक बाई भिंतीला हात लावून तो हात कपाळाला लावत होती. मी इतकं देखणं काही पुन्हा पाहिलं नाही. आणि ती भिंत त्या गोण्यांनीच मारली.

धाकूबाबा हातातली थापी खाली ठेवून उभा होता.

"हे नको लावू, साहेब."

"अहो, सिमेंट आहे. दगडासारखं घट्ट होतं."

"दगड व्हतं म्हनूनच नको. भिंतीला घाम येतो. आतलं पानी भाईर पडाया पायजे. तुमी तिला तोंड दाबून मारताव."

हिराबाईला राग आला. तिनं दिलेल्या वस्तूला कुणी नाव ठेवत होतं. "म्हाताऱ्या, आमचा ओटा आमी दिला, तुझं काय जातंय? तुझा चुना मागं पडला म्हनून पोटात दुखतंय?" बाया हसल्या. मीही हसलो. धाकूबाबा मागे वळला. हौदावरच्या झावळ्या नीट केल्या, थापी धोतराच्या टोकात गुंडाळली आणि वाडीकडे चालू लागला. आम्ही चार दिवसांत भिंत करून टाकली. उन्हात ती अशी सरळ, करडी, गुळगुळीत दिसायची की मी रोज संध्याकाळी दुरून तिच्याकडे बघत बसायचो.

मंत्री आले. तारीख ठरवताना कुणी भरती-ओहोटी विचारली नव्हती, त्यामुळे लाँच पायऱ्यांपर्यंत आलीच नाही. त्यांना होडीतून आणि मग खांद्यांवरून धक्क्यावर आणावं लागलं. लाँच गाळात रुतेल म्हणून पाव तासात निघाले. तेवढ्यात त्यांनी समुद्राकडच्या भिंतीवर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, "मजबूत." चुन्याच्या भिंतींकडे त्यांनी पाहिलंही नाही. छत्रीवाली बाई काही आली नाही. एक मुंबईचं कुटुंब तेवढं येऊन गेलं. त्यांना मासळीचा वास सहन झाला नाही, म्हणून बायांना धक्क्यावरून आणखी लांब बसायला सांगितलं गेलं. सांगायला मीच गेलो होतो.

हे असं का होतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. गोवा रोडच्या पुलावर बसल्यावर दुसरं काही काम नसतं. आपलं गाव दुसऱ्याला दाखवायचं म्हटलं की आपण आधी गावातल्या माणसांनाच बाजूला सारतो. जी इमारत बकऱ्यांनी, जाळ्यांनी आणि कोळणींनी बारा-तेरा वर्षं जिवंत ठेवली, तिला आम्ही सगळ्यांनी मिळून, अगदी प्रेमानं, एका हंगामात मारलं. कुणी वाईट वागला असता तर मला त्याच्यावर ओरडता आलं असतं. पण सगळे चांगलेच वागले होते, आणि मला ओरडायला कोणी उरलंच नाही.

श्रावणात निरोप आला. मी पोचलो तेव्हा समुद्राकडची भिंत पोटात फुगली होती. वरून कुठेतरी पाणी शिरलं होतं आणि सिमेंटच्या आड अडकून बसलं होतं. धाकूबाबा छत्रीशिवाय पावसात उभा होता. त्यानं थापी उलटी धरून भिंतीवर ठोकलं. पोकळ आवाज आला. खालच्या भेगेतून चुन्याचं पाणी दुधासारखं झिरपत होतं, दगडामधला जुना चुना विरघळून चालला होता. "आता काय न्हाय," एवढंच तो म्हणाला. मी बांबूचे टेकू मागवले. टेकू आलेही. नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, पाच कमानी, गॅलरी आणि अर्धं छप्पर एकदम खाली बसलं. आत माणूस नव्हतं, हेच नशीब. खाडीकडची धाकूबाबाची भिंत तेवढी उभी राहिली, एकटी, कुणाला टेकायलाही नको अशी.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच ही शाई काढली.

वरून अहवाल मागितला गेला. साहेबांनी मला बोलावलं, चहा दिला, आणि शांतपणे म्हणाले, "सिमेंट फासायचा लेखी हुकूम नाही. मी बोललो असेन, पण कामावर तुम्ही होता. कारण काय लिहायचं ते नीट विचार करून लिहा." त्यांनी मला शब्द सांगितले नाहीत. शब्द माझे होते. मी लिहिलं, की पूर्वी वापरलेला चुना निकृष्ट आणि अपुरा मुरलेला असल्याने बांधकाम खचले. एक ओळ. लिहिताना एकही शब्द खोडावा लागला नाही, ह्याचं मला आजही नवल वाटतं. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली.

कागदातली गोष्ट गावात पोचायला वेळ लागत नाही. धाकूबाबाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्याला ती ओळ कुणीतरी वाचून दाखवली. पलीकडच्या गावच्या देवळाच्या कळसाचं काम त्याला मिळणार होतं, ते लोक परत फिरले. कच्च्या चुन्याचा गवंडी, असं त्याचं नाव पडलं. एकदा तो माझ्या अलिबागच्या बिऱ्हाडी आला, दारातच उभा राहिला.

"चुना मुरला नव्हता, आसं तुमीच लिवलं?"

"वरून आलं ते, बाबा," मी म्हटलं.

त्यानं आपला अंगठा पुढे केला, नख वर करून, जसा तो हौदापाशी करायचा. माझंच नख त्यानं त्यावर घासायला लावलं होतं पौषात, हे आम्हा दोघांनाही आठवत होतं. मग त्यानं हात खाली घेतला. "बरं," म्हणाला आणि गेला. मी त्याला आत या म्हटलं नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. दोन वर्षांनी तो वारल्याचं कळलं.

गेल्या साली मला रस्त्याच्या कामासाठी थळपर्यंत जावं लागलं. तिथून ते गाव चालत जाण्याइतकं जवळ. न जाता आलं असतं. चैत्र होता, ऊन रणरणत होतं, आणि पाय आपोआप वळले, असं म्हटलं तर चालेल.

मांडवी नव्हती. दगड लिलावात गेला, रस्त्याला पडला, त्यातला काही बहुधा मीच कुठेतरी अंथरला असेन. धाकूबाबाची भिंतही त्याच लिलावात गेली. म्हणे ती फोडायला बाकी सगळ्या इमारतीपेक्षा जास्त दिवस लागले. लाँच थांबत नव्हती, रस्ता झाला नव्हता. बाया चिखलात बसल्या होत्या, आता त्यांच्या डोक्यावर सावलीही नव्हती. ओट्याच्या सिमेंटसाठी पुन्हा कुणी अर्ज केला नाही.

हिराबाईनं मला ओळखलं. केस पांढरे झाले होते, आवाज तसाच होता. मला वाटलं ती शिव्या देईल. मी शिव्या खायला तयार होतो, त्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "बरं झालं आलाव. किती वरसं वाट बघतंय तुमची." आणि पाटी शेजारणीच्या हवाली करून मला भेंडीच्या झाडाखाली घेऊन गेली.

हौद होता. वर ताज्या झावळ्या होत्या. तिनं त्या बाजूला केल्या. आत चुना होता, वर चार बोटं स्वच्छ पाणी. समुद्राकडच्या भिंतीच्या वाटणीचा चुना.

"म्हातारा जायच्या आधी माझ्याकडं आला व्हता," ती म्हणाली. "मी त्याला बोलले व्हते ना, पोटात दुखतंय म्हनून. पाय धरले त्याचे. त्यो म्हनाला, पाय नको धरू, चुना सुकू देऊ नको. सरकारचा मानूस कवा तरी येईल, त्याला दाखव. मुरला व्हता की न्हाय त्यालाच बघूंदे. तवापासनं पानी घालतो. बाया पाली लावून आनतो."

पाळीपाळीनं पाणी आणायचं ते गावाच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरीवरून; मी तिच्या दिशेला पाहिलं. चैत्रात तिचं पाणी तळाला जातं, आणि एका कळशीसाठी बाईला तासभर उभं राहावं लागतं, हे मला माहीत होतं.

"आता तुमीच बघा," ती म्हणाली. "तुमाला कलतं. चांगला हाय की वाईट, तेवढं सांगा. चांगला आसंल तर कागदात लिवा. म्हाताऱ्याचं नाव धुतलं जाईल. आनि मंग ऱ्हायला तर आमच्या ओट्याला घेऊ, तुमी हो म्हनलाव तर."

आजूबाजूच्या दोघीतिघी बाया जमल्या होत्या. मी खाली बसलो, पाण्यात हात घातला आणि चिमूटभर चुना अंगठ्याच्या नखावर घेतला. दुसऱ्या नखानं घासला. कण नव्हता. मी परत घासला. लोणी, नुसतं लोणी. असा चुना मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. धाकूबाबाच्या पौषातल्या चुन्यापेक्षाही तो चांगला होता, कारण तो इतकी वर्षं गोड्या पाण्यात मुरत होता.

चांगला आहे, एवढं म्हणायचं होतं. मग ते लिहावं लागलं असतं. लिहिलं की जुनी फाईल निघाली असती, माझी ती एक ओळ निघाली असती, सिमेंट कुणी लावलं ते निघालं असतं. पेन्शनला दोन वर्षं होती. हे सगळं मी हिशोबानं मनात आणलं असं नाही. ते नखावरच्या चुन्यासारखं आपसूक समोर आलं.

हिराबाई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"अजून मुरायला हवा," मी म्हणालो.

तिचा चेहरा पडला नाही. तिनं नुसती मान डोलावली, जशी नकाशा बघून डोलावली होती. "व्हय? आसंल. म्हाताऱ्याला घाई नव्हतीच कवा." मग शेजारच्या बाईला म्हणाली, "मंग पानी घालीत ऱ्हायचं." आणि झावळ्या परत नीट लावल्या.

यंदाचा दसरा झाला. परसात चुन्याची चरचर ऐकू येतेय, बायको हाक मारतेय, भिंतींना पहिला हात द्यायचाय म्हणून. विझवला आणि फासला, आमच्या घरी चुन्याला एवढाच वेळ लागतो. तिकडे आज पाळी कुणाची असेल, मला माहीत नाही.